काझीसाहेबांचा दुसरा नाश्ता

काझीसाहेब सकाळी दोनदा नाश्ता करत, आणि दुसरा नाश्ता चुकला की कॅम्पातली वीज जाई.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी खरोखर काही संबंध होता का, हे कुणी सिद्ध केलं नाही. कॅम्पातले जनरेटर त्यांच्या ताब्यात होते. पहिला नाश्ता उजाडताना आणि दुसरा दहाच्या सुमाराला. मॅनेजरनं दहा वाजता एखादं काम काढलं, की ते निमूट उठत, जनरेटरकडे जात, आणि थोड्या वेळानं पंखे मंदावत मंदावत थांबत. मॅनेजर घामाघूम होऊन ऑफिसबाहेर येई, तर काझीसाहेब जनरेटरच्या सावलीत मांडीवर फडकं अंथरून पाव कापत बसलेले. "मशीन भूखा था," असं ते शांतपणे सांगत. मशीनला डिझेल आणि माणसाला पाव, एवढंच त्यांचं इंजिनिअरिंग, असं आम्ही आपसात म्हणत असू. पण हसण्याएवढासुद्धा जीव कुणात नसे. त्या उन्हात आम्ही सगळे कायमचे दमलेले असायचो. सकाळी उठायचो तेच दमून.

साठनंतरची ती वर्षं. दुबईत तेव्हा खाडी होती, गाढवांवरून येणारं पाणी होतं आणि बाकी बरंचसं व्हायचं होतं. एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पात मी स्टोअरकीपर होतो. मी दापोलीकडचा. मेसमध्ये आम्ही सगळे रत्नागिरीचे आणि कुलाब्याचे, आणि आमच्यात हे एकटे पोलंडचे.

काझी हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव काझिमियेश. आडनाव एवढं कठीण, की पगारपत्रक करणारा कारकून त्या जागी नुसती रेघ ओढी. घरी त्यांना काझिक म्हणत, असं त्यांनी एकदा सांगितलं. आमच्या लोकांनी काझिकचा 'क' टाकून दिला आणि उरलेल्याला 'साहेब' जोडलं. क्रॉस घालणारा, रविवारी मेणबत्ती लावणारा माणूस आमच्या मेसमध्ये काझी झाला. बाणकोटहून नवीन आलेल्या एका गड्यानं नाव ऐकलं आणि तो टोपी घालून थेट त्यांच्या खोलीवर गेला. मुलखातल्या मुलीशी पत्रानं निकाह होतो का, हे त्याला विचारायचं होतं. काझीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लडकी को खाना बनाना आता है?" तो म्हणाला, येतं. "तो हो गया," ते म्हणाले.

हिंदुस्थानी ते लढाईत शिकले होते, हिंदी पलटणीच्या शेजारी तंबू ठोकून. त्यातली निम्मी वाक्यं हुकमांची होती आणि उरलेली खाण्याची. त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "पहले नाश्ता, बाद में दुनिया."

खरं तर त्यांचं पान साहेबांच्या मेसमध्ये वाढलं जायचं. गोरे होते ना. पण तिथल्या पावावरून त्यांचं बिनसलं. साहेब लोकांचा तो पांढरा चौकोनी पाव त्यांनी एकदा मुठीत दाबून दाखवला. मूठ उघडली तर सुपारीएवढी गोळी. "ये रोटी नहीं, रुई है," असं सांगून ते ताट घेऊन उठले आणि तसेच चालत आमच्या मेसमध्ये आले. आमचे आचारी दाऊदभाई चपात्या लाटत होते. काझीसाहेबांनी एक उचलली, ताणून पाहिली, हुंगली, आणि बाकावर बसून घेतलं. परत गेले नाहीत.

त्या पहिल्या दिवशी त्यांच्या हातून चपातीचा तुकडा जमिनीवर पडला. त्यांनी तो उचलला, त्याचा मुका घेतला आणि खाल्ला. आमच्या घरांतही अन्न खाली पडलं तर उचलून डोळ्यांना लावतात. दाऊदभाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक चपाती टाकली. माझ्या मते त्यांची मेसमधली जागा तेव्हाच पक्की झाली.

मात्र त्यांच्या भाषेनं आमची बरीच फसगत केली. ते जेवताना एकसारखं "पोवोली, पोवोली" म्हणत. दाऊदभाई धावत जाऊन आणखी पोळ्या आणत. ते पुन्हा म्हणत, "पोवोली." आणखी पोळ्या येत. महिनाभर हा माणूस सात-आठ पोळ्या संपवून हाश्शहुश्श करत उठत होता. शेवटी कळलं, की त्यांच्या भाषेत पोवोली म्हणजे सावकाश. आम्ही ज्या घाईनं खात होतो ती त्यांना बघवत नव्हती, आणि समोर आलेलं अन्न परत पाठवणं त्यांच्यात पाप होतं.

त्यांच्या मुलखातला नाश्ता म्हणजे काय, हे आम्हाला सगळं पाठ झालं होतं, कारण ते तो रोज सांगत. काळा आंबूस पाव. त्यावर लोणी. उकडलेली अंडी. पेल्यातून चहा, त्यात लिंबाची चकती, दूध अजिबात नाही. आणि त्वारोग. आठवड्यातून एकदा ते बकरीचं दूध विरजून फडक्यात बांधत आणि जनरेटरच्या खोलीत खिळ्याला टांगत. दाऊदभाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मुरुडला त्यांच्या शेजारी बामणांचं घर होतं, त्यांना चक्का माहीत होता. साखर, वेलची, जायफळ, सगळी तयारी करून ते वाट पाहत बसले. काझीसाहेबांनी चक्का सोडला, त्यात मीठ घातलं, हिरवा कांदा चिरून घातला आणि वर मुळा किसला. दाऊदभाई उठून बाहेर गेले. "श्रीखंडात मुळा," एवढंच ते बराच वेळ म्हणत होते.

माझा नातू आता दुबई मरीनाला तिसाव्या मजल्यावर राहतो. मी त्याला हे सांगितलं तर म्हणतो, "ग्रँडपा, दॅट्स जस्ट कॉटेज चीज." असेल. पण आम्ही तेव्हा ते पावाला लावून खाल्लं, आणि उन्हाळ्यात दुसरं काही पोटात ठरत नसताना ते ठरलं, हेही खरं.

बरणीचं प्रकरण मात्र जड गेलं. खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या एका बोटीच्या खानसाम्याकडून काझीसाहेबांनी राय नावाच्या धान्याचं काळपट पीठ मिळवलं. ते पाण्यात कालवून, लसणीच्या पाकळ्या टाकून काचेच्या बरणीत आंबत ठेवायचं आणि मग त्याचं सूप करायचं. थंड मुलखात त्याला चार-पाच दिवस लागतात. आमच्याकडे जून महिना होता. बरणी ठेवायला त्यांनी माझं स्टोअर निवडलं, कारण तिथे पंखा होता. दुसऱ्या दिवशी मॅनेजर माल तपासायला आला. आम्ही नटबोल्टांच्या फळीसमोर उभे असताना मागे फट्ट असा आवाज झाला. झाकण छताला लागून खाली आलं आणि सगळ्या स्टोअरभर आंबूस वास पसरला.

कॅम्पात दारू गाळणाऱ्याला सरळ परत पाठवत. मॅनेजरनं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे. मी आयुष्यात कधी थेंब घेतलेला नाही, पण त्या वासापुढे माझ्या शब्दाला काय किंमत होती? मी काझीसाहेबांना बोलावणं धाडलं.

ते आले ते पातेलं आणि स्टोव्ह घेऊनच. तळाशी थोडं ठेवून बरणीतलं आंबवण पातेल्यात ओतलं, उकळलं, उकडलेलं अंडं कापून घातलं, आणि वाडगा मॅनेजरपुढे ठेवला.

"व्हॉट इज धिस?"

"ब्रेकफास्ट," काझीसाहेब म्हणाले. "फर्स्ट ईट. देन शाउट."

मॅनेजरनं एक चमचा घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग गिळला. "यावर झिंगायचं तर माणसाला फार कष्ट पडतील," असं काहीतरी इंग्रजीत म्हणून त्यानं वाडगा बाजूला सारला. आम्ही सुटलो. बरणीला मात्र कॅम्पाबाहेर काढायचा हुकूम झाला.

ती कुठे न्यायची? काझीसाहेब माझ्याकडे बघत राहिले. मी थकलेला होतो, नाही म्हणायला जोर लागतो. संध्याकाळी फडक्यात गुंडाळून ती घरी आणली.

माझी बायको झुलेखा त्याच वर्षी श्रीवर्धनहून आली होती. देऱ्यात, मासळीबाजाराच्या मागे एका चौकाच्या घरात आमची खोली होती. तिनं बरणीत नाक घातलं.

"हे काय?"

"काझीसाहेबांचं सूप."

"ही तर आंबील," ती म्हणाली, आणि बरणी उचलून तिनं आपल्या आंबोळ्यांच्या पिठाशेजारी ठेवून दिली. दर दोन दिवसांनी ती त्यात मूठभर पीठ घाली, पाणी बदली. झाकण सैल ठेवायचं, हे तिला सांगावं लागलं नाही.

बरणीच्या भेटीला काझीसाहेब शुक्रवारी सकाळी येऊ लागले. पहिल्यांदा आले तेव्हा दारात टाचा जुळवून झुलेखाला वाकून म्हणाले, "पानी झुलेखा." तिनं लगबगीनं पाण्याचा पेला आणला. त्यांनी प्यायला. निघताना पुन्हा, "पानी झुलेखा." पुन्हा पेला. त्यांच्यात बाईमाणसाला मानानं पानी म्हणतात, हे कळेपर्यंत ते दर शुक्रवारी चार-पाच पेले पाणी पिऊन जात होते, आणि झुलेखा मला म्हणत होती, "बिचाऱ्याला कॅम्पात पाणी देत नाहीत का हो?"

पुढच्या उन्हाळ्यात झुलेखाला दिवस गेले.

ही तिची दुसरी खेप. पहिल्या खेपेला मी इथे होतो आणि ती मुलखात. पाचव्या महिन्यात ते मूल गेलं, आणि मला कळलं तेव्हा ती उठून कामाला लागलीही होती. आम्ही त्याबद्दल बोलत नसू. या वेळी तिच्या पोटात काही राहीना. आंबोळीचा वास नको, मासळीबाजाराचा तर नकोच. पाणीसुद्धा उलटून पडे. तोंड एवढंसं झालं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आगबोटीनं मुंबईला पाठवा, आईकडे जाऊ दे.

"मी जाणार नाही," झुलेखा भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "त्या वेळी एकटी होते. आता एकटी जाणार नाही."

मी सकाळी कामावर जायचो, संध्याकाळी घरी यायचो आणि तिच्या उशाशी बसल्या बसल्या पेंगायचो. एका सकाळी मेसमध्ये काझीसाहेबांनी विचारलं, बरणी कशी आहे? मी म्हटलं, बरणी बरी आहे, बायको बरी नाही. आणि काय झालं ते सांगितलं. त्या दिवशी दहा वाजता जनरेटरच्या सावलीत कुणी बसलेलं नव्हतं. वीज गेली नाही. मला ते पंखे फिरताना पाहून उलट भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज आटोपून मी दार उघडलं, तर काझीसाहेब उभे. हातात टॉवेलात गुंडाळलेला डबा. कॅम्पापासून चालत आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. डब्यात दूध होतं, आणि त्यात पिठाची आणि अंड्याची धार सोडून केलेल्या बारीक शेवया. चिमूटभर मीठ. वास म्हणून कशाचाच नाही.

"गरम नहीं, ठंडा नहीं," त्यांनी मला बजावलं. "एक चमचा. फिर रुको. फिर एक चमचा."

आत यायला तयार होईनात. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले, आमच्याकडे पाठ करून. आजारी बाईला परक्यासमोर खाताना, ओकताना लाज वाटू नये म्हणून. मी चमचा भरवत होतो आणि ते पाठमोरे बसून कान देऊन ऐकत होते. झुलेखानं दोन चमचे घेतले. आम्ही थांबलो. तिसरा घेतला. पुन्हा थांबलो. उलटी झाली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी न वळताच विचारलं, "रहा?"

"रहा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, उठले आणि ड्युटीवर गेले.

मग ते रोज येऊ लागले. चौकातल्या बाया सुरुवातीला पडद्याआडून कुजबुजल्या, की गोरा साहेब भल्या पहाटे डबा घेऊन कुणाकडे येतो. नंतर त्याच त्यांच्यासाठी पायरी झाडून ठेवू लागल्या. पन्नाशीचा माणूस, रात्रपाळी झालेली असली तरी यायचा. कधी पायरीवर बसल्या बसल्या त्यांची मान पुढे पडायची. डबा रिकामा झाल्याचा आवाज आला की दचकून जागे होत आणि विचारत, "रहा?"

महिनाभरानं झुलेखा उशीला टेकून बसू लागली. एका सकाळी ती मला म्हणाली, "विचारा त्यांना, हे कुणासाठी करायला शिकले?"

मी विचारलं. ते पाठमोरेच होते. वाटलं, ऐकलं नसावं.

"बनाया नहीं कभी," ते म्हणाले. "पहली बार, यहाँ."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. लढाईच्या सुरुवातीला सैनिकांनी त्यांचं गाव रिकामं करून सगळ्यांना मालगाडीत कोंबलं आणि पूर्वेला, बर्फाच्या मुलखात नेलं. बायको गरोदर होती. गाडीत खायला काही नव्हतं. सकाळ झाली की ती म्हणायची, काझिक, नाश्ता कर. मग हे तिला नुसतं तोंडानं नाश्ता करून घालायचे. आता दूध तापत ठेवलं. आता अंडं फोडलं. आता पिठाची धार सोडतोय, सावकाश, गाठी होऊ नयेत. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच सांगायची, मीठ विसरलास. रोज सकाळी. मग एका सकाळी तिनं सांगितलं नाही.

"बच्चा भी," ते म्हणाले. आणि उठून कामावर गेले.

मी झुलेखाला सगळं मराठीत सांगितलं. तिनं माझ्या हातातून चमचा घेतला. मग उरलेलं तिनं स्वतःच्या हातानं संपवलं.

हिवाळ्यात मुलगी झाली. झुलेखा कुठे गेली नाही, इथेच बाळंत झाली, चौकातल्या बायांनी सगळं निभावून नेलं. मुलगी रडली तेव्हा काझीसाहेब ड्युटीवर होते. मी सांगायला गेलो तर त्यांनी हात पुसले, माझा हात हातात घेतला आणि झुलेखानं खाल्लं का, एवढंच विचारलं.

वसंतात त्यांचा मोठा सण आला, ईस्टर. तो रविवारी येतो आणि आमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून त्यांनी तो पुढच्या शुक्रवारावर ढकलला. "खुदा मॅनेजर नहीं है," ते म्हणाले. त्यांच्याकडे वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा नाश्ता त्या दिवशीचा. ते टोपली घेऊन आले. टोपलीत पाव, मीठ, आंबवलेला मुळा आणि उकडलेली अंडी. त्यांच्या सणाला डुकराचं मांस लागतं, पण आमच्या घरात त्यांनी कधी तो शब्दही उच्चारला नाही. झुलेखानं मटण केलं होतं. आम्ही चटईवर बसलो. दाऊदभाईही आले होते.

काझीसाहेबांनी एक अंडं सोलून बशीत ठेवलं आणि सुरीनं त्याच्या फोडी केल्या. मग एकेक फोड घेऊन प्रत्येकासमोर गेले. त्यांच्यात असं करतात, म्हणाले. फोड द्यायची आणि त्या माणसासाठी काहीतरी मागायचं. दाऊदभाईंसाठी त्यांनी गुडघे मागितले, कारण गुडघे फार दुखत. माझ्यासाठी झोप मागितली. झुलेखासाठी भूक. मुलगी अडीच महिन्यांची, तिच्या ओठांना त्यांनी फोड नुसती टेकवली आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी मागितलं. ते आम्हाला कळलं नाही. मग ते आपल्या जागी बसले आणि पाव कापायला लागले.

झुलेखानं मला विचारलं, "यांच्यासाठी कुणी नाही का मागायचं?"

मी ते त्यांना विचारलं. ते म्हणाले, हो, समोरचाही मागतो, पण बरीच वर्षं समोर कुणी नसतं, त्यामुळे सवय राहिली नाही. काही हरकत नाही, खाऊन घ्या.

झुलेखानं बशीतली उरलेली फोड उचलली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांच्यापुढे जाऊन बसली. तिला हिंदी धड येत नव्हती, म्हणून मराठीतच म्हणाली, "काझीसाहेब, तुमच्या हातचं खाणारं कुणीतरी रोज असू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं. त्यांनी फोड घेतली, तोंडात घातली आणि तशीच धरून बसले. चावेनात, गिळेनात. दाऊदभाईंनी मान खाली घालून मटणाचं वाढप सुरू केलं. मीही उगाच पाव मोडत बसलो.

झुलेखानं मुलीला उचललं, त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि चहा करायला आत गेली. पेल्यातला, लिंबू घातलेला चहा तिनं त्यांच्यापुढे आणून ठेवला. मुलगी तोवर झोपली होती. तिचं डोकं त्यांच्या मनगटावर होतं, त्यामुळे त्यांना पेला उचलता येईना. झुलेखा तिला घ्यायला वाकली, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. चहा निवून गेला. आमचं खाणं झालं, ताटं उचलली गेली, ऊन चौकात उतरलं, तरी ते तसेच बसून होते.